पिंपात आधी काय होतं?

आज कुठं लांब जायचं नाही, आपल्याच घराच्या मागच्या दारी जाऊन बघायचं आहे. न्हाणीजवळ निळं पिंप असतं. गोठ्याच्या कडेला अर्धं कापलेलं लोखंडी टिपाड, त्यात जनावरांचं पाणी. कुणाच्या शेतावर लोखंडी जाळीतली पांढरी चौकोनी टाकी. माळ्यावर खताच्या गोण्या घडी करून ठेवलेल्या. यातली एकही वस्तू आपल्या घरासाठी बनलेली नाही. सगळ्या कारखान्यांसाठी बनल्या, कुठला तरी माल घेऊन कुठून कुठं गेल्या आणि मग आपल्या दारी आल्या.

यात काही वाईट नाही. आपल्या आयांनी हेच केलं. पंधरा किलोचा तेलाचा डबा रिकामा झाला की त्याला झाकण बसवून घ्यायचं आणि डाळ, तांदूळ, पापड भरायचे. पत्र्याच्या डब्यांची उतरंड नाही असं घर नव्हतं. पण एक फरक होता. तो डबा आपल्या डोळ्यांसमोर रिकामा व्हायचा. आत शेंगतेल होतं की रॉकेल, हे घरातल्या पोरालाही माहीत असायचं. रॉकेलची नरसाळी गोड्या तेलाला कुणी कधी लावली नाही. आता पिंप येतं ते भंगारवाल्याकडून, त्याला दिलेलं असतं दुसऱ्या कुणी, आणि त्याच्या आधीचं कुणालाच ठाऊक नसतं.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, फसून सांगते आहे. एका दुष्काळी उन्हाळ्यात आमच्याकडं टँकर चार दिवसांनी यायचा. साठवायला भांडी पुरेनात म्हणून मी दोन निळी पिंपं घेतली, नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत. देणारे दादा म्हणाले, "वहिनी, निळं आहे म्हणजे फूड ग्रेडच की!" मीही मान डोलावली. घरी आणून सोड्यानं धुतली, चिंच लावून घासली, दोन दिवस उन्हात ठेवली. वास गेला. टँकर आला, पिंपं भरली. तिसऱ्या दिवशी सासूबाई तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "पाण्याला दाराच्या रंगासारखा वास येतोय गं." मला काही जाणवेना. तेच पाणी गाईपुढं ठेवलं, तर तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्या दुष्काळात चारशे लिटर पाणी मी माझ्या हातानं ओतून दिलं. पाणी ओतताना शेजारणी बघत होत्या, ते अजून आठवतं.

वास परत का आला, हे मला नंतर कळलं. पिंपाचं प्लॅस्टिक आपल्याला काचेसारखं घट्ट वाटतं, पण ते तसं नसतं. थिनर, रंगातले द्राव, तेलकट रसायनं, अत्तरासारखे वास हे हळूहळू प्लॅस्टिकच्या भिंतीत मुरतात, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यात मसाल्याचा वास मुरतो ना, तसंच. वरून धुतलं की वरचं जातं. आत मुरलेलं राहतं आणि पाणी भरून ठेवलं की पुन्हा थोडं थोडं बाहेर येतं. उन्हात पिंप तापलं की जास्त येतं. म्हणून धुतल्यावर वास गेला याला अर्थ नाही. आणि विषारी असलेल्या प्रत्येक गोष्टीला वास असतो असंही नाही.

आता ते "निळं म्हणजे फूड ग्रेड". मैत्रिणींनो, हे डोक्यातून काढून टाका. निळा हा फक्त रंग आहे. त्याच निळ्या पिंपातून ॲसिड जातं, साबणाचं द्रावण जातं, शरबताचा अर्कही जातो.

मग पिंपावर वाचायचं काय? बुडाशी किंवा अंगावर उठावाची अक्षरं असतात, हात फिरवला तरी लागतात. तीन बाणांचा त्रिकोण आणि आत २ असेल तर ते एचडीपीई नावाचं प्लॅस्टिक. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन. हा आकडा प्लॅस्टिकची जात सांगतो, बाकी काही सांगत नाही. पेला आणि काटा-चमचा असं चित्र असेल तर ते प्लॅस्टिक खाण्याच्या वस्तूंना चालणारं आहे, पण ते नवं असताना. त्यानंतर त्यात काय भरलं, हे त्या चित्राला कसं माहीत असणार?

तिसरी खूण म्हणजे छोट्या गोलात इंग्रजी 'यू' आणि त्याखाली 'एन'. पुढं '१एच१' किंवा '१एच२' असं असतं. पहिला १ म्हणजे पिंप. एच म्हणजे प्लॅस्टिक; तिथं ए असेल तर पोलाद. शेवटी १ असेल तर वरचं तोंड न उघडणारं, २ असेल तर झाकण निघणारं. त्यापुढं एक्स, वाय किंवा झेड असतं. सगळ्यात धोकादायक माल न्यायलाही चालतं ते एक्स, सगळ्यात कमी धोक्याच्या मालापुरतं ते झेड. याचा अर्थ एवढाच, की धोक्याचा माल न्यायला हे पिंप पुरेसं मजबूत आहे अशी परीक्षा झाली आहे. अशा पिंपातून खाण्याचा मालही जाऊ शकतो, म्हणून ही खूण दिसली की लगेच घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. बनवल्याचं सालही तिथंच मिळतं. प्लॅस्टिकचं पिंप धोक्याच्या मालाला पाच वर्षंच वापरता येतं. त्यानंतर कारखाना ते काढून टाकतो. ते कुठं जातं, ओळखा बरं!

सगळ्यात बोलका असतो चिकटवलेला कागद. लाल किनारीचा, टोकावर उभा चौकोन आणि आत कवटी, ज्वाळा, हातावर पडणारं ॲसिड किंवा मेलेला मासा असं चित्र असेल, तर त्या पिंपाला घरात जागा नाही. आणि कागद खरवडून काढलेला असेल तर मी तरी तो कवटीचाच समजते. आपल्या देशात २०१६ सालचे धोकादायक कचऱ्याचे नियम आहेत. त्यात धोक्याच्या रसायनानं माखलेली रिकामी पिंपंसुद्धा धोकादायक कचऱ्यातच मोडतात. ती परवाना असलेल्या ठिकाणीच जायला हवीत, आठवडी बाजारात नाही.

पिंपाचं तोंडही बघा. दोन बुचांचं, बाकी सगळीकडून बंद असलेलं पिंप पातळ पदार्थासाठी असतं. त्यात हात जात नाही, म्हणजे आतून घासता येत नाही, म्हणजे खरं तर धुता येत नाही. खडे टाकून हलवणं हा नुसता मनाचा समाधान आहे. दुसरं पूर्ण उघड्या तोंडाचं, ज्याचं झाकण पत्र्याच्या कडीपट्टीनं आवळतात. ते दाट माल, पावडर, लोणच्याच्या फोडी यांच्यासाठी. घरी आणायचं तर हे दुसरं बरं. मात्र झाकणाखालचं रबराचं कडं वास धरून ठेवतं, ते बदलून घ्यायचं.

लोखंडी टिपाडाची एक गोष्ट सांगते. अमेरिकेत नेली ब्लाय नावाची एक बाई होती. वर्तमानपत्रात लिहायची. १८८९ साली एकटी जगप्रदक्षिणेला निघाली आणि ७२ दिवसांत परत आली. तिच्या नवऱ्याचा दुधाचे कॅन आणि पत्र्याच्या वस्तू बनवायचा कारखाना होता. १९०४ साली नवरा वारला आणि कारखाना तिनं चालवला. त्या काळी तेल लाकडी पिंपांतून जायचं, ती गळायची. तिच्या कारखान्यातल्या हेन्री वेरहान यांनी पोलादी पिंपाचा नमुना केला, १९०५ साली त्याचं पेटंट मिळालं, ते नेलीच्या नावे दिलं गेलं. आजच्या दोनशे लिटरच्या टिपाडाचं मूळ त्यात आहे. टिपाडाच्या अंगावर दोन फुगीर कडी असतात ना, ती शोभेची नाहीत. आडवं केलं की टिपाड तेवढ्यावरच टेकतं, म्हणून दोनशे किलोचं भरलेलं टिपाड एकटं माणूस लोळवत नेतं. बचत गटाच्या बायांनी पुढचंही ऐका. तिनं कामगारांसाठी वाचनालय केलं, दवाखाना केला, पण हिशेबाकडं लक्ष दिलं नाही. आत अफरातफर झाली आणि कारखाना बुडाला.

या लोखंडी टिपाडाचा सगळ्यात मोठा धोका ते कापताना असतो. गोठ्यासाठी दोन अर्ध्या करायच्या म्हणून आपण ते वेल्डिंगवाल्याकडं नेतो. भरलेल्या टिपाडापेक्षा रिकामं टिपाड जास्त घातक असतं, हे बऱ्याच जणांना पटत नाही. पण बघा, भरलेल्यात हवेला जागाच नसते. रिकाम्यात बुडाशी कपभर थिनर किंवा पेट्रोलजन्य काही राहिलं असेल, तर त्याची वाफ हवेत मिसळून पूर्ण टिपाडभर पसरते. तिला गॅस कटरची ज्योत लागली की टिपाडाचा बाँब होतो. यात माणसं मेलेली आहेत. आधी काय होतं हे ठाऊक नसेल तर कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, बुचं लावलेलं टिपाड चुलीजवळसुद्धा न्यायचं नाही. लग्नात पाणी तापवायला टिपाडाचं चुलाण करतात, त्याबद्दलही हेच. शिवाय आतून लेप दिलेला असतो, बाहेरून रंग असतो, तो जळतो तेव्हा धूर स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या नाकातच जातो.

आता पांढरी चौकोनी टाकी. हिला कारखान्यात आयबीसी म्हणतात. आत पांढऱ्या प्लॅस्टिकची मोठी बाटली, बाहेर जस्ताचा मुलामा दिलेल्या सळ्यांची जाळी, खाली लाकडी किंवा लोखंडी बैठक, बुडाशी तोटी. मावतं एक हजार लिटर, म्हणजे पाच पिंपं. चौकोनी असल्यामुळं ट्रकमध्ये फट राहत नाही आणि एकावर एक रचता येते. रिकामी साधारण साठ किलो भरते, भरली की टनाच्या वर. म्हणून ती माळवदावर किंवा पत्र्याच्या छपरावर चढवायची नाही, खाली सपाट दगडी ओटा हवा. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून उजेड आत जातो, त्यामुळं आठवड्यात शेवाळ धरतं. काळं कापड किंवा पोतं गुंडाळलं की थांबतं. एक गोष्ट विचारायला विसरू नका: "दादा, आतली बाटली नवी बसवली आहे की जुनीच?" जाळी तीच ठेवून बाटली नवी घालायची पद्धत कारखान्यांत आहे. बाटली जुनी असेल तर तोटीच्या आत, कोपऱ्यात जुना माल हमखास राहतो. साबणाची किंवा फरशी पुसायच्या औषधाची टाकी असेल तर संडास-न्हाणीच्या पाण्याला चालेल, पिण्याला नाही.

जंबो बॅग आता आपल्याकडंही दिसतात, विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पांढरी, खांद्याएवढी उंच पिशवी, चार कोपऱ्यांना चार बंद. सिमेंट, खत, साखर, प्लॅस्टिकचे दाणे असं हजार किलोपर्यंत एका पिशवीत जातं. तिच्यावर कापडाची चिठ्ठी शिवलेली असते आणि तिच्यावर ५:१ किंवा ६:१ लिहिलेलं असतं. हजार किलोच्या ५:१ पिशवीनं परीक्षेत पाच हजार किलो पेलायला हवेत, ६:१ वालीनं सहा हजार. ५:१ ची पिशवी एकदाच भरून उचलायची असते. पुन्हा पुन्हा वापरायची ती ६:१ ची. आपल्याला विकायला येतात त्या बहुतेक ५:१ च्याच. शिवाय ऊन लागलं की हे कापड कुजतं, दिसायला चांगलं दिसतं आणि चिमटीत चुरा होतो. तेव्हा जुन्या जंबो बॅगेत भुसा भरा, सुकं शेण भरा, पण ती भरून दोरानं उचलू नका आणि उचललेल्या पिशवीखाली उभ्या राहू नका.

बारदानाचं मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण ते बायकांच्या हातचं काम आहे. खताच्या गोण्या उसवून, जोडून आपण ताडपत्रीसारखी चवाळी शिवतो. त्यावर काय वाळवतो? कुरडया, पापड, सांडगे, शेवया. ओला चीक थेट खताच्या गोणीवर! खताच्या गोणीच्या विणीत खताची भुकटी असते. आणि बियाण्याच्या पिशव्या त्याहून वाईट, कारण बियाण्याला औषध चोळलेलं असतं, तो लाल-गुलाबी रंग त्याचीच खूण. या पिशव्यांत धान्य, पीठ, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. चवाळं शेणी, सरपण, शेंगांची टरफलं यांना वापरा. वाळवणाला जुनं सुती लुगडं किंवा धुतलेली चादर. पेंडीचं किंवा साखरेचं पोतं चालतं, कडक उन्हात झटकून घेतलं की.

फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, कॅन, डबे यांना तर दुसरा जन्मच नाही. डब्यावरचा त्रिकोण लाल असेल तर अति विषारी, मग पिवळा, मग निळा, हिरवा सगळ्यात कमी. पण हिरव्यातही रॉकेल, दूध, तेल भरायचं नाही. तीनदा खंगाळायचा, खंगाळलेलं पाणी फवारणीच्या पंपातच ओतायचं, आणि डब्याला भोकं पाडायची म्हणजे कुणी उचलून नेणार नाही.

क्रेटबद्दल भीतीचं काही नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो वीस किलोच्या क्रेटच्या हिशेबानं विकतो. करंडीत खालचा माल दबायचा. क्रेट एकावर एक ठेवले तर भार कडांवर येतो, मालावर नाही. बाजूच्या भोकांतून हवा खेळते. फक्त औषधाच्या बाटल्या शेतात न्यायला तोच क्रेट घेऊ नका. आणि आपले क्रेट रंगानं नाव घालून ठेवा, नाहीतर बाजारातून दुसऱ्याचे फुटके परत येतात.

आता कुणी म्हणेल, एवढी चौकशी कोण करतं? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी नेलं, आठवतं ना? पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. सगळं शहर तहानलेलं होतं, घाई होती, तरी त्या टाक्या आधी राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात वाफेनं धुवून घेतल्या होत्या. आपल्याकडं वाफ नाही. म्हणून आपण आधीच निवडून घ्यायचं.

आमच्या गटानं पुढं असं केलं. जीवामृतासाठी दोनशे लिटरची सहा पिंपं हवी होती. शेणामुताला काय, कुठलंही चालेल, असं एकीचं म्हणणं पडलं. पण जंतुनाशकाचं पिंप असेल तर जीवामृतातले जीवच मरायचे. आणि ते पुढं भाजीवर जाणार, ती आपणच खाणार. तेव्हा आम्ही भंगाराकडं न जाता थेट शरबत आणि मुरांबे करणाऱ्या कारखान्यात विचारलं. कागद शाबूत असलेली, उघड्या तोंडाची पिंपं मागितली आणि पावतीवर 'आधी आंब्याचा गर होता' असं लिहून घेतलं. लिहून द्यायला माणूस कुरकुरला. आमच्या अध्यक्षाबाई म्हणाल्या, "भाऊ, लिहायला जड जातंय तर न्यायला आम्हालाही जड जातंय." मग त्यानं लिहिलं.

आणल्यावर गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून घासली, चार पाण्यांनी खंगाळली, दोन दिवस पाणी भरून ठेवून ओतली. अनोळखी पिंपात हे करताना ब्लिचिंग पावडर टाकायची नाही बरं का. आत ॲसिड राहिलं असेल तर विषारी वायू निघतो. मग प्रत्येक पिंपावर ऑइलपेंटनं लिहिलं: 'जीवामृत', 'दशपर्णी', 'धुण्याचं पाणी'. खाली उतरलेलं पिंप परत वर चढत नाही. दशपर्णीचं पिंप कितीही धुतलं तरी लग्नात पाण्याला मागायला यायचं नाही, हे गटाच्या वहीत ठरावासारखं लिहिलं आहे.

पिण्याच्या पाण्यासाठी मात्र आम्ही जुनं घेतच नाही. नवी टाकी घेताना तिच्यावर आयएसआयची खूण आणि आयएस १२७०१ हा आकडा बघतो, तो प्लॅस्टिकच्या पाण्याच्या टाकीसाठीचा आहे. सहा घरांत मिळून एक घेतली, हप्ता गटातून फेडला. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून कोरडी ठेवतो, डासांसाठी. आणि झाकण लावतो, कारण घरात रांगती पोरं आहेत.

माझी ती दोन पिंपं? कागद नव्हता, पावती नव्हती, तोंडही बुचाचं. ती अजून मागच्या भिंतीला आहेत, पालथी. कुणी मागितली तर मी काय झालं ते सांगते, आणि मग कुणी नेत नाही. येत्या गुरुवारच्या बैठकीला तुमच्या घरातल्या पिंपावरचा कागद सोडवून आणा, किंवा मोबाइलवर फोटो काढून आणा. आपण मिळून वाचू.